मधला टेकू

आमच्या शनिवारच्या भजनमंडळात प्रत्येकाला काही ना काही अनुभव आलेला आहे. कुणाला स्वप्नात पादुका दिसल्या, कुणाचा हरवलेला भाऊ नवस बोलल्याच्या दिवशी परत आला. मला मात्र रोज चाळीस मिनिटांची पूजा आणि अकरा माळा करूनही काही दिसत नव्हतं. देव आहे की नाही, ही शंका मला कधीच नव्हती. माझा अर्ज त्याच्यापर्यंत पोचतो की नाही, एवढीच होती. म्हणून मी कौल लावायचो. तसबिरीवर फूल ठेवायचं, उजवीकडे पडलं तर होकार. अशाच कौलावर मी एक जुनी स्कूटर घेतली आणि एक चांगली बदली नाकारली. दोन्ही निर्णय चुकले, तेव्हा मी जास्वंद सोडून झेंडू वापरायला लागलो.

२००३ साली मी परभणीकडचा माणूस भुकूमला घर बांधत होतो आणि मारुंजीत भाड्याच्या खोलीत राहत होतो. बांधकाम सोपानमिस्त्रींकडे होतं. मुळशीच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. ते थापी मारायचे, त्यांची बायको कलाबाई घमेली वाहायची आणि धाकटी मुलगी सुट्टी असल्याने भिंतींवर पाणी मारायची. मिस्त्री स्वतः चौथीपर्यंत शिकलेले. रोज सकाळी ते खिळ्याने विटांच्या भिंतीवर एक पाढा कोरत. पाणी मारता मारता मुलीने तो पाठ करायचा, संध्याकाळी म्हणून दाखवायचा, मग दुसऱ्या दिवशी त्यावर गिलावा. पाढा चुकला तर गिलावा थांबे. तेराच्या पाढ्याने माझी एक भिंत तीन दिवस अडवली होती. मी कुरकुर केली तर म्हणाले, “सायेब, भित कुटं पळती? पोरगी मातुर मोटी हुती.”

मिस्त्रींना कधी देवापुढे हात जोडताना मी पाहिलं नाही. मी त्यांना नामस्मरणाचं महत्त्व सांगायचो. ते ओळंबा धरून एक डोळा मिटून ऐकायचे. तो डोळा भिंतीसाठी मिटलेला आहे की माझ्यासाठी, हे मला कधी कळलं नाही.

स्लॅब ओतला त्या दिवशी त्यांनी बजावलं, “एकवीस दिस टेकूला हात लावायचा न्हाई. वर पानी तुंबवून ठेवायचं.” आठव्या दिवशी थोरल्या मुलीला बघायला पाहुणे यायचे म्हणून ते पाण्याचं काम माझ्यावर सोपवून घरच्यांसह गावी गेले. तेवढ्यात आमच्या गुरुजींनी सांगितलं की वास्तुशांतीला या आठवड्यात एकच मुहूर्त आहे, पुढे चातुर्मास. आतलं सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालचे टेकू आणि पत्रे, उतरवल्याशिवाय होम कुठे मांडणार? मी तसबिरीवर झेंडू ठेवला. तो उजवीकडे पडला. टेबलफॅन डावीकडून तीनवर फिरत होता, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं.

रविवारी सकाळी मी घण घेऊन भुकूमला निघालो. बायको म्हणाली, “अहो, ते एकवीस म्हणाले होते ना?”

“मला वरून होकार मिळालाय,” मी म्हणालो.

“वरून म्हणजे स्लॅबकडून का?” ती म्हणाली, पण सोबत आली आणि बाहेर वाळूच्या ढिगावर बसली.

एक टेकू पडला, दोन पडले. माझ्या अंगात इतका जोर आहे हे मला ठाऊक नव्हतं. घामाघूम होऊन मी मधल्या बीमखालच्या टेकूपाशी आलो आणि थबकलो. त्याला छातीच्या उंचीवर लालभडक शेंदूर जाड फासला होता, पावसाळी हवेत अजून चिकट, आणि खाली वाळलेलं फूल होतं. मिस्त्री जाताना हे करून गेले असणार. मी चप्पल काढली. देवाला आधी नमस्कार करावा, क्षमा मागावी आणि मग घण घालावा, असा माझा विचार होता. मी त्या लाल ठिपक्यावर कपाळ टेकवलं, आणि त्या लाकडातून मला वरची कुरकुर ऐकू आली. कानांनी नव्हे, कपाळाने. मागे एक पत्रा निसटून आदळला. मी बाहेर पळालो. चप्पल आतच राहिली.

स्लॅब मधे किंचित खचला, त्या टेकूवर बसला आणि थांबला. आम्ही दोघं बाहेर उभे राहून त्याच्याकडे पाहत राहिलो.

तासाभराने मिस्त्री आले. पाहुण्यांचा होकार घेऊन पहिल्या गाडीने निघाले होते. “तुमच्याच्यानं पान्याचं व्हनार न्हाई, म्हून आलो,” एवढंच म्हणाले. मग आत पाहिलं. माझ्या बायकोला म्हणाले, “वैनी, सायबांना धरून बसा,” आणि एक टेकू उचलला.

“सोपानभाऊ, आत नका जाऊ,” ती म्हणाली. “पोरींचा विचार करा.”

“त्यांचाच करतुय. उद्या बिगारी हितं सावलीला टेकत्याल. त्यास्नी बी पोरी हायेत.”

टेकू एकेक करून पुन्हा उभे राहिले. मी मोजले नाहीत, माझे डोळे मिटलेले होते. त्या दिवशी माळ हातात नसतानाही मी नाम घेतलं, आणि पहिल्यांदाच कशासाठी घेतोय हे मला ठाऊक होतं. ते बाहेर आले तेव्हा मी विचारलं, “मिस्त्री, शेंदूर लावायची बुद्धी तुम्हाला कुणी दिली? काही दृष्टान्त झाला होता का?”

“कसला दिष्टांत! मानसाचं तुमी ऐकत न्हाई. लाल दिसलं की हात जोडता, येवढं ठावं हुतं. आन शेंदूर कुटला? खिडकीच्या गजांचा रेड ऑक्साइड हाय त्यो. कपाळ पुसा आदी.”

बायको वाळूवर बसून हसली, मग रडली. मी कपाळ पुसलं नाही. ते रॉकेलशिवाय निघालंही नसतं.

वास्तुशांती चातुर्मासानंतर झाली. मिस्त्रींनी पुढे कासारसाईपर्यंत कितीतरी घरं बांधली. थोरली नांदायला गेली, धाकटी शिक्षिका झाली. २००९ साली ते आजारपणाने गेले. तेराव्याला धाकटी मला म्हणाली, “काका, माझे पाढे तुमच्या भिंतींत हायेत. घर विकू नका.” मी म्हणालो, नाही विकणार.

मंडळात हा अनुभव मी सांगितला, तेव्हा एकाने विचारलं की यात देव कुठे आला. मला इतकंच कळलं आहे की त्या दिवशी जो होकार मी मागितला तो पंख्याने दिला, आणि जो नकार मागितला नव्हता तो लेकीला पाहुणे यायचे असतानाही कुणीतरी आठवणीने फासून गेलं होतं. शरण जायचं म्हणजे बहुधा असा नकार ऐकायचा. तेव्हापासून मी कौल लावलेला नाही.

त्या टेकूचा वीतभर तुकडा आमच्या देवघरात आहे. गुरुजी दरवेळी विचारतात, हे कोणतं दैवत? दरवर्षी त्याचा रंग फिका पडतो. मग मी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन रेड ऑक्साइडचा लहान डबा आणतो आणि पुन्हा लावतो. खरा शेंदूर लावायचं धाडस मला अजून झालेलं नाही.