नंबराच्या आड उभा माणूस

आमच्या घरी टीव्हीच्या वरच्या फळ्यांवर विमानं आहेत. देवघराची भिंत मी घेऊ दिली नाही, म्हणून सगळी एकाच भिंतीवर दाटीनं उभी आहेत. ही ह्यांनी केलेली. आधी सुटे भाग चिमट्यानं धरून चिकटवायचे, मग रंगवायचे, मग त्यावर बोटाच्या नखाएवढ्या खुणा आणि आकडे लावायचे.

ह्यांचे वडील तांडापेठेत हातमागावर लुगडी विणायचे. ह्यांनी माग धरला नाही. सावनेरकडे कोळसा खाणीच्या ऑफिसात नकाशे काढायला लागले आणि तिथूनच रिटायर झाले. रेघ केसभर सरकली तरी बबनराव अख्खा कागद पुन्हा काढायचे, असं तिथले लोक अजून सांगतात. घरातही तेच. पोळी वाकडी झाली तर बोलणार नाहीत, पण दोन्ही बाजूंनी पाहतील. माणूस सरळ आहे, कोणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त काम हातात असलं की समोर कोण बसलंय याचं भान राहत नाही. हे मी लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात ओळखलं होतं आणि त्यात काही वाईट आहे असं मला उमरेडला जाईपर्यंत वाटलं नव्हतं.

विमानांवरून माझी नणंद तारा त्यांना चिडवायची, "दादाले नातू नाही, म्हणून स्वतःच नातू झाला." हे हसायचे आणि रंग लावत राहायचे.

नागपुरात विमानदल सगळ्यांना ठाऊक आहे. नेव्हीकडेही विमानं असतात हे मला ह्यांच्यामुळे कळलं. एकाहत्तरच्या लढाईत विक्रांत जहाजावरून सी हॉक नावाची विमानं उडाली होती, त्यातलं एक ह्यांना करायचं होतं. अडचण अशी की सुट्या भागांचा डबा परदेशातून येतो आणि आत खुणा इंग्रजांच्या विमानाच्या निघतात. आपल्या विमानाच्या खुणा आपणच शोधायच्या. पंखावरचा तिरंगी गोल केवढा होता, वाघाचं तोंड कोणत्या बाजूला होतं, नंबर कुठं आणि कोणता. आदल्या वर्षी रामदासपेठेतल्या प्रदर्शनात ह्यांनी असंच एक विमान ठेवलं होतं. पुण्याच्या एका मुलानं त्याचा फोटो काढून विमानं करणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला आणि लिहिलं की या नंबरचं विमान त्या लढाईत नव्हतंच, काकांनी मनानेच आकडे लावलेले दिसतात. ह्यांनी ते विमान साड्यांच्या पेटीत ठेवून दिलं. तेव्हापासून हट्ट धरला की या वेळी पुराव्याचा फोटो मिळाल्याशिवाय एक आकडा लावायचा नाही.

पुरावा निघाला तो ओळखीतच. ऑफिसात ह्यांच्या हाताखाली काम शिकलेला पिंटू म्हणाला, आमचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, नेव्हीत होते, उमरेडला मोठ्या आईजवळ त्यांचा विमानासोबतचा फोटो आहे. मोठे बाबा लढाईतून नीट परत आले, पण पुढं तीन-चार वर्षांनी नोकरीतच काविळीनं गेले. मूलबाळ नव्हतं. मोठी आई, जिजाबाई, एकटीच राहते. पिंटूनं तिला फोन केला आणि आम्हाला रविवार दिला.

घर कोष्टीपुऱ्यात, आमच्यासारख्याच विणकरांच्या वस्तीत होतं. दारात सडा, रांगोळी. जिजाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून उंबऱ्यातच उभ्या होत्या. आत भिंतीवर फोटो, त्याला शेवंतीचा ताजा हार. मला हाताला धरून बसवत त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षात त्याईच्याबद्दल विचाराले कोणी आलं नाही जी. पिंटूनं सांगतलं तं मले झोप नाही लागली."

मी तिथंच चपापले. ही बाई नवऱ्यासाठी पाहुणे आले म्हणून बसली होती आणि आम्ही आकड्यासाठी आलो होतो. ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे फोटोखाली जाऊन उभे.

पुढचं सांगताना आजही मला लाज वाटते. हारामुळे विमानाची शेपटी झाकली होती, ती दिसावी म्हणून ह्यांनी हार काढायला सांगितला. त्यांनी काढून हातात धरला. मग काचेवर उजेड चमकतो म्हणून चौकटीतून फोटो काढायला लावला. खिशातून नकाशाचं भिंग काढलं. रंग गडद होता की फिका, असं काही त्यांच्या तोंडून ऐकलं होतं का, पंखावर पट्टे होते का, असं विचारत राहिले. जिजाबाई प्रत्येक वेळी वेगळंच सांगायच्या. हा फोटो त्यांनी पाकिटातून पाठवला होता, तेव्हा सासूनं तो गावभर दाखवला, असं काहीतरी. हे "हो का" म्हणायचे आणि पुन्हा भिंगात डोळा घालायचे. मी दोनदा ह्यांची बाही ओढली.

फोटोत एक पोरसवदा माणूस होता. पांढरे कपडे, टोपी जरा कलती, एक हात विमानावर ठेवलेला, हसणं दाबून उभा. त्याच्या खांद्याआड नंबराचे शेवटचे दोन आकडे गेले होते.

हे स्वतःशीच बोलावं तसं बोलले, "हा माणूस मध्ये आला नसता तर पूर्ण नंबर मिळाला असता."

जिजाबाईंनी हार एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. आवाज चढवला नाही.

"थांबा जी. त्याईले बाजूले व्हाले सांगू का?"

ह्यांनी भिंग खाली घेतलं. माझा अर्थ तसा नव्हता, असं काहीतरी पुटपुटले. त्यांनी ऐकून घेतलं नाही. फोटो चौकटीत घातला, हार चढवला आणि पाय धुऊन घ्या, पानं मांडली आहेत, म्हणाल्या.

त्या बाईनं आमच्यासाठी पुरणपोळ्या केल्या होत्या, मुंगवडे, कढी. रीत कुठंच सोडली नाही. वाटीतलं तूप संपू दिलं नाही, पोळी नको म्हटलं तरी वाढली. पण नवऱ्याबद्दल एक शब्द काढला नाही. सकाळपासून जे सांगायचं म्हणून ठरवून बसल्या असतील, ते सगळं त्यांनी पोटात ठेवलं. रागावल्या असत्या तर पाया पडता आलं असतं. असं वाढणाऱ्या बाईसमोर काय करायचं? हे खाली मान घालून, वाढलं ते सगळं संपवत होते. निघताना मला खण-नारळसुद्धा दिला.

परतीच्या बसमध्ये ह्यांचा मोबाइल वाजला. जेवणाआधीच ह्यांनी फोटोचा फोटो ग्रुपवर टाकला होता, आणि कोणीतरी उत्साही माणसानं कुठल्याशा ॲपनं तो साफ करून पाठवला होता. साफ म्हणजे, त्यातला माणूस काढून टाकला होता. तो उभा होता तिथं चकचकीत पत्रा, आणि त्यावर यंत्रानं मनानेच दिलेले दोन आकडे. खाली लिहिलं होतं, आता बघा काका, अडथळा गेला.

ह्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. मला राहवलं नाही.

"त्या माणसाचं नाव तरी विचारलं का तुम्ही?"

मोबाइल खिशात घालत म्हणाले, "मला वाटलं, तू विचारशील."

खरं सांगायचं तर मीही विचारलं नव्हतं. पिंटूचे मोठे बाबा, एवढंच आमच्या तोंडी होतं. त्या संध्याकाळी दिवा लावला, हात जोडले, पण स्तोत्र पुढं जाईना. हार हातात घेऊन उभी असलेली ती बाईच डोळ्यांपुढं येत होती.

ह्यांनी ग्रुपमधून नाव काढून घेतलं. विमान मात्र पूर्ण केलं, आकड्याची जागा तेवढी कोरी ठेवली. मला वाटलं विषय संपला. मग एका सकाळी बुटाच्या डब्यात कापूस घालून त्यांनी ते ठेवलं आणि म्हणाले, उमरेडला जाऊ, हे त्यांना देऊन येऊ. पिंटूकडून नावही विचारून घेतलं नाही. तसं करणं म्हणजे पुन्हा चोरून घेतल्यासारखं होईल, म्हणाले. मी बरोबर गेले.

या वेळी जिजाबाईंनी पाणी दिलं आणि उभ्याच राहिल्या. आम्हीही उभेच. ह्यांनी डबा उघडला. त्यांनी विमान हातात घेऊन नीट पाहिलं.

"हात चांगला हाय तुमचा," म्हणाल्या आणि ते परत कापसात ठेवलं. "पण मी काय करू याचं? तुमच्या जिवाले बरं वाटावं म्हणून ठेवून घेऊ का जी?"

डब्याचं झाकण लावता लावता हे म्हणाले, "मावशी, त्यांचं नाव काय होतं? मी त्या दिवशी विचारलंच नाही."

मी डोळे मिटून घेतले. हे चांगलं करायला गेले आणि पुन्हा चुकले. त्या वयाची कोष्ट्याची बाई, ती नवऱ्याचं नाव घेईल का? जिजाबाईंनी पदर सारखा केला.

"मी नाव नाही घेत. गल्लीत कोणालेही विचारा. लहान पोरगंही सांगते."

हे चपला घालून बाहेर गेले. दारातून मला समोरची पिठाची चक्की दिसत होती. ह्यांनी तिथं विचारलेलं मला ऐकू आलं नाही, पण चक्कीवाल्याचा आवाज मोठा होता. "ज्याच्या घरी बसले त्याचंच नाव विचारून राहिले का जी?" दळण घेऊन आलेल्या बाया हसल्या. हे हात जोडून उभे होते. आयुष्यात ऑफिसच्या साहेबासमोरही हे असे उभे राहिले नसतील. मग बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं, नत्थूजी म्हणतात त्यांना, ह्यांना जवळ बोलावून बसवून घेतलं. ते बोलत राहिले, हे मान हलवत राहिले. इकडे जिजाबाईंची नजर दारातून हलली नव्हती.

हे परत आले ते थेट फोटोसमोर. हात जोडले आणि म्हणाले, "महादेवराव."

ते नाव त्या खोलीत किती वर्षांनी कोणी घेतलं असेल, देवाला माहीत.

"राव कायचं जी," जिजाबाई म्हणाल्या. "बावीस वर्षाचं पोरगं होतं ते."

ह्यांनी मान खाली घातली. मला वाटलं आता निघायचं. मी डबा उचलला. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "अजून काय सांगतलं नत्थूजीनं?"

हे सांगू लागले. लहानपणी ते पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत उड्या मारायचे. पहिल्या सुट्टीत आले ते पोपटी शर्ट घालून, आणि म्हणाले आमचं जहाज या गल्लीहूनही लांबलचक आहे. जहाजावर विमान उतरतं हे कोणी मानेना, म्हणून चिडून चक्कीसमोर खडूनं अख्खं जहाज काढून दाखवलं.

"पोपटी नव्हता," जिजाबाई म्हणाल्या. "हिरवा होता. नत्थूजीले काही समजत नाही. पुढं सांगा."

त्यांनी बसा म्हटलं नव्हतं. ह्यांनी उभ्या उभ्याच पुढचं सांगितलं.