करंगळीकाका आणि तो विकतचा खटका

गेला रमजान सुरू व्हायच्या आदल्या गुरुवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, करंगळीकाकांवर अन्याय झाला. ही वेळ क्लबच्या भिंतीवरच्या घड्याळातली आहे, आणि ते घड्याळ काका रोज आल्या आल्या आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघायचे. तेव्हा वेळेबद्दल वाद नको.

काका आमच्या शूटिंग क्लबची हत्यारं सांभाळायचे आणि नेमबाजीही शिकवायचे. फौजेत बंदुका दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं गेली, मग साताऱ्याहून इकडे आखातात आले. राहायचे मुहैस्नाहच्या कामगार वस्तीत, एका खोलीत चौघं. त्यांचं खरं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, वापरत कुणीच नव्हतं. कारण करंगळी! नेम मारून झाला की पिस्तुलातलं मॅगझिन काढायचं, वरचा भाग मागे ओढून धरायचा आणि गोळी बसते त्या खोबणीत करंगळी घालून ती रिकामी आहे का ते चाचपायचं. आधी आपण, मग काका. "बघितलं म्हणू नकोस पोरी, हात लावला म्हण."

ही सवय क्लबपुरती असती तरी ठीक होतं. गणपतीला शारजाला आमच्या घरी आले, मोदकांचा डबा संपवला आणि झाकण लावण्याआधी आत करंगळी फिरवली. "रिकामा!"

आई म्हणाली, "अहो काका, डबा आहे तो! सुटणार नाही!"

"वहिनी, आज डब्याला सूट दिली की उद्या हात पिस्तुलालाही देतो."

माझा धाकटा भाऊ म्हणाला, "काका, दॅट्स सो अनहायजीनिक." काकांनी मुकाट्याने डबा घासला. मग पुन्हा करंगळी फिरवली.

त्यांचं दुसरं दैवत म्हणजे वाळूचं पिंप. पिस्तुल रिकामं करताना त्याचं तोंड त्या पिंपातच हवं. त्याला आम्ही काकांचं तुळशीवृंदावन म्हणायचो. मॅनेजरसाहेबांना ते डोळ्यांत खुपायचं. "काका, हटाओ इसको, फोटो में आता है." काका म्हणायचे, "इन्शाल्ला, साहेब." पिंप जागचं हललं नाही.

मग आले खटके. आमच्या पिस्तुलांना अंगठ्याने लावायचा सेफ्टीचा खटका मुळात नव्हताच. बनवणाऱ्यांनी सुरक्षेची सोय आत आणि चापावर केलेली. पण पाहुणे घाबरतात म्हणून मॅनेजरनी कुठल्या तरी तिसऱ्याच कंपनीचे खटके ऑनलाइन मागवले. काका बसवायला तयार होईनात. "बनवणाऱ्यानं जिथं कापलं नाही, तिथं मी कानस लावू? खटका अर्धाच चढला तर कळायचं कसं? आणि पुरता चढला तरी माणूस ढिला पडतो, त्याचं काय?" बाहेरून माणूस आणून खटके बसवले गेले. वर भिंतीवर पाटी लागली: सेफ्टी ऑन असल्यास बोटाने तपासण्याची गरज नाही. मॅनेजर म्हणाले, "टाइम बचता है, हबीबी."

टाइम खरंच वाचला. त्या गुरुवारी मी मैत्रिणीला घेऊन आले होते. शेवटच्या गोळ्या झाडायच्या राहिल्या होत्या, मी खटका वर केला आणि ऐटीत म्हटलं, "काका, इट्स ऑन सेफ!"

"तोंड पिंपात घाल, आणि मग करंगळी..."

"ती पाटी वाचा ना काका!" असं म्हणून पिस्तुल पिंपात धरलं आणि मैत्रिणीला दाखवायला चाप ओढला.

खटका अर्धाच चढला होता. गोळी वाळूत गेली. वाळू माझ्या दातांत, केसांत, मैत्रिणीच्या चहात. माझ्या कानांवर मफ होते, तरी मला ऐकू आलं ते फक्त काकांचं "मॅगझिन काढ." त्यांनी करंगळी घातली, पिस्तुल खाली ठेवलं, मग मला पाणी दिलं.

मॅनेजर आले. आधी पाटी काढली, मग रिपोर्ट लिहिला: इन्स्ट्रक्टरने तपासणी केली नाही, निष्काळजीपणा. मी तिथेच उभी होते. माझी मेंबरशिप जाईल या भीतीने मी गप्प बसले. एरवी कुणावरही अन्याय झाला की जगाला पत्रकं वाटत फिरणारी मी, त्या दिवशी एक वाक्य बोलले नाही. काका हळूच म्हणाले, "बोट तुझं, पण पिस्तुल माझ्या ताब्यातलं. लिहू दे." खलास. महिनाअखेर त्यांना नारळ दिला.

काका साताऱ्याला परत निघाले तेव्हा विमानतळावर आईने लोणच्याची बरणी दिली. काकांनी झाकण उघडलं, करंगळी पुढे केली, आणि आईकडे बघून मागे घेतली. "भरलेली दिसतेय," म्हणाले. करंगळी न घालता त्यांनी दिलेला तो एकच निर्वाळा.

आता अबू धाबीतला एक क्लब त्यांना घ्यायला तयार आहे. अट एकच, आमच्या क्लबचं स्वच्छ पत्र हवं. मॅनेजर म्हणतात, असली पाटी कधी नव्हतीच. मी लेखी दिलंय: पाटी होती, खटका अर्धा होता, चाप मी ओढला. माझी मेंबरशिप गेली, जाऊ दे. पण एकटीची साक्ष ते धरत नाहीत.

मेंबरांनो, ती पाटी दोन आठवडे तुमच्या नाकासमोर होती. तिच्याखाली उभं राहून तुम्ही सेल्फी काढलेत. फोन उघडा, तो फोटो शोधा, माझ्या कागदाला जोडा आणि खाली सही करा. आज.