उजवा हात, डावा हात

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला संस्कृत सक्तीचं झालं, पण शिकवायला माणूस काही आला नाही. मुख्याध्यापक मला म्हणाले, "मॅडम, तुमी मराठी घेताच, संस्कृतही घ्या." म्हशी राखणाऱ्या बाईच्या अंगावर चार शेळ्या जास्त घालाव्यात, तसं!

मी जन्मात संस्कृत शिकले नव्हते. रोज सकाळी चारठाण्याहून येताना जीपमध्ये गाईड उघडून एक धडा घोकायचे आणि तेवढाच वर्गात ओतायचे. कुणी पुढचं विचारलं तर, या धास्तीनं डब्यातला घास उतरायचा नाही.

तपासणी येणार कळलं तेव्हा मी पोरांना आम्हा शिक्षकांचा जुना डाव शिकवला. साहेबांनी काही विचारलं की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. मी उजवा हात बघूनच उठवणार.

साहेबांनी सुभाषिताचा अर्थ विचारला. अख्ख्या वर्गाचे हात वर गेले. उजवा एकच होता, मेंढरंवाल्याच्या पोरीचा. तिनं घडाघडा सांगितलं. साहेब खूश झाले आणि पुस्तकाचं पुढचं पान उलटून म्हणाले, "हा श्लोक मॅडमना तर येतच असेल?"

माझा हात आपोआप वर गेला.

"राहू द्या, राहू द्या," साहेब हसले आणि 'उत्तम' शेरा लिहून निघून गेले.

वर्गात मात्र कुणीच हसलं नाही. सगळी पोरं माझ्या डाव्या हाताकडे बघत होती.