दिनूकाकांनी सोडलं नाही ते विमान

एका विमानानं दिनूकाकांना सहा वर्षं कोंडून ठेवलं. मंगळवारी ते गेले, तेव्हाही सुटलेले नव्हते.

काका इथे अमेरिकेत, आमच्या अल्फारेटाच्या घरात बेसमेंटमध्ये राहायचे. नात्याचे नव्हेत. मंडळाच्या गणपतीत भेटले, एकदा जेवायला आले आणि आमचेच झाले.

मूळचे नागपूरचे. एका चिमुकल्या बेटावरच्या देशाच्या सरकारी एअरलाइनमध्ये चीफ इंजिनिअर.
पहिलं विमान आलं त्या दिवशी तिथल्या शाळांना सुट्टी होती, हे त्यांनी आम्हाला शंभरदा ऐकवलं असेल. एकाची चार विमानं झाली. थेट लंडनपर्यंत जायची.

मग मंत्र्यांचे जावई एअरलाइनचे साहेब झाले. प्रवासी नसलेल्या गावांना विमानं जाऊ लागली. तोटा वाढला, एकेक करून तीन विकली गेली.

चौथं मेंटेनन्ससाठी इकडे जॉर्जियात आणलं. काका दोन आठवड्यांची बॅग घेऊन सोबत आले, आणि तिकडे एअरलाइनच बंद पडली.

काकू बेटावरून नागपूरला परतल्या. एअरलाइनच्या देण्यांपायी विमान इथल्या कोर्टात अडकलं. निकालापर्यंत ते सांभाळायचं काम काकांकडे.
व्हिसा तेवढ्यापुरताच. एकदा देशाबाहेर गेलं की परत यायची सोय नाही.

दर सोमवारी ते जाऊन इंजिन सुरू करायचे, चाकं थोडी फिरवायचे आणि रजिस्टरमध्ये लिहायचे: उडण्यायोग्य.

मागच्या वर्षी वकील म्हणाला, विमान निकामी आहे असं लिहून द्या. केस संपेल, तुम्ही घरी जाल.

"एक सही करून टाका ना काका," मी म्हटलं.

"अगं, ठणठणीत आहे ते. फिट विमानाला अनफिट कसं लिहू? बेटावरची माझ्या हाताखालची पोरं अजून फोन करतात, सर, विमान कसं आहे म्हणून."

"काका, जस्ट गो होम," माझी लेक म्हणाली.

"जाईन गं," म्हणाले.

या एप्रिलमध्ये गारपीट झाली. लिंबाएवढ्या गारा. पंखांना, शेपटीला पोचेच पोचे.
खरं सांगते, मी देवाचे आभार मानले. आता खोटं लिहायचा प्रश्नच नव्हता.

काकांनी तीन महिने उन्हात शिडीवर चढून एकेक पोचा काढला.
मग लिहिलं: उडण्यायोग्य.

मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाही. तो राग अजून गेलेला नाही.

मंगळवारी सकाळी चहा घेताना हार्ट अटॅक आला. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं.

शुक्रवारी वकिलाचा मेल आला. तपासून सही करणारा आता कोणी नाही, म्हणून विमान भंगारात. केस क्लोज.

काकूंना फोन केला. गारपिटीचं सांगावं की नाही कळेना. त्यांना सगळं माहीत होतं.

"गारा पडल्या त्या दिवशीच फोन आला होता त्यांचा," काकू शांतपणे म्हणाल्या. "सुटलो म्हणाले, आता येतो. मी त्यांच्या पलंगावर नवी चादर घालून ठेवली होती गं."

काका, तुम्हाला नागपूरला पाठवायचे पेपर उद्या हातात येतील.
जा आता घरी. काकू वाट बघतायत.

आम्हा सगळ्यांचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.