मैना लांब बसली

आत्याबाई, फाटक लावा, आधी फाटक लावा, म्हनून मी पडवीतनं वरडत व्हते, माझी रांगती पोरगी खाली घोंगडीवर व्हती, अंगनात एकामागं एक कुत्री शिरत व्हती, काळं, पिवळं, कान तुटल्यालं, एक तर साखळी तोडून गळ्यात तिचा तुकडा घिऊन आल्यालं, आन् माझ्या चुलत सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हनते, त्या त्या गर्दीच्या मधोमध दगडावर बसून आमच्या मैना कुत्रीच्या डोक्यावर तांब्यानं ऊन पानी घालीत व्हत्या. मला म्हनल्या, "थांब ग जरा, डोक्यावरचं न्हानं अर्ध्यावर सोडू नये." अशी बाई सगळ्या आंबेगाव तालुक्यात दुसरी न्हाई, हे मी कुठं बी उभं राहून सांगंन.

आता ही कुत्री का आली आन् मैनेला न्हाऊ का घालीत व्हत्या हे सांगायचं तर आधी आत्याबाई सांगाव्या लागतील. मी आठवी नापास, बोलाय लागले की मला थांबता येत न्हाई, तवा समजून घ्या. आमचं घर अवसरी बुद्रुकच्या गावात न्हाई, बाहेर मळ्यात हाय, तीन अंगाला ऊस आन् एका अंगाला पाट. आमचे हे सकाळी दुधाचा टेम्पो घिऊन जायचे ते दिस कलल्यावर यायचे. दिसभर घरात मी, पोरगी आन् आत्याबाई. माझी सासू मी नांदाय यायच्या आधीच गेल्याली, तवा सासूपना करायचा तो ह्यांच्या ह्या चुलतीनंच. त्यांना मूलबाळ न्हाई, मालक बी लवकर गेले. कुनी हळहळ करायला आलं, "कसं ग बाई तुझं" म्हनाय लागलं, तर त्या म्हनायच्या, "माझं काय इचारता, गोठ्यात जाऊन म्हशीला इचारा, तिचं रेडकू परवाच गेलंय." आलेली बाई खरंच गोठ्यात जाऊन म्हशीजवळ उभी ऱ्हायल्याली मी पाह्यलीय.

जनावरांना त्या नात्यानंच बोलवायच्या. म्हस नणंदेच्या गावावरनं आणल्याली, तवा तिला वन्सं. मांजर दूध पितं म्हनून ती सवत. कोंबड्याला भावजी म्हनायच्या आन् त्याच्या म्होरनं जाताना पदर सारखा करायच्या. एकदा इम्याचा मानूस कागद घिऊन आला, तर आतनं आवाज, "वन्सं, पाय आवरा, दिस किती वर आला, किती लोळताय." तो बिचारा घरात बायामानसं निजल्याती असं समजून फाटकातच उभा ऱ्हायला आन् जरा येळानं तसाच गेला. आन् मैना तर आत्याबाईंच्या माहेरची, आण्याच्या पठारावरची. भावाच्या दारातनं पिल्लू असताना पिशवीत घालून यष्टीनं आणल्याली. तिला नातं लावायची गरज नव्हती, ती माहेरचं मानूस. पयली गरम भाकर तिला, मंग आमाला. मी एकदा शिळा तुकडा टाकला तर दोन दिस माझ्याशी बोलल्या न्हाईत, तिसऱ्या दिशी म्हनल्या, "तुझ्या माहेरचं कोन आलं की मी बी शिळंच वाढते."

मला मैनेचं आधीपासनं भ्या वाटायचं. बाकीच्या येळंला ती गरीब, पर माजावर आली की तिचं सगळंच फिरायचं. आधी चार-पाच दिस नुसती मागं मागं, पदर तोंडात धरायची, चुलीपशी येऊन पायावर डोकं ठिवायची. मंग एकदम गुरकावायची. खानं सोडायची. अंगनात दहा ठिकानी जरा जरा मुतायची, जसं काय सगळ्यांना निरोप धाडतीय. पोरीचं लुगड्याचं अंथरून फाडून कोपऱ्यात ढीग केला आन् त्याच्यावर बसून माझ्याकडंच दात दाखवाय लागली. रक्त दिसलं तवा मी घाबरून आत्याबाईंना हाक मारली. त्यांनी वाकून पाह्यलं आन् शांतपने म्हनल्या, "काय न्हाई. लांब बसली."

आमच्यात बाई बाहेरची झाली की चार दिस घरात कशाला शिवत न्हाई, पडवीत निराळं अंथरून, निराळं ताट, आन् पाचव्या दिशी डोक्यावरनं न्हाली की मोकळी. आत्याबाईंनी हा नेम जल्मभर पाळला, मला पाळाय लावला, तवा मैनेला सूट कशी मिळावी. पडवीच्या एका कोपऱ्यात गोनपाट टाकलं, आपल्या जुन्या खनाच्या चोळीचा लंगोट शिवून तिला बांधला, आन् पान्याच्या हंड्याकडं जाईल म्हनून दोर. त्यात झालं असं की त्याच वक्ताला माझी बी पाळी आली. मंग पडवीच्या ह्या कोपऱ्यात मी आन् त्या कोपऱ्यात मैना. आत्याबाई मधी उभ्या राहून वरनं भाकर टाकायच्या, एक हिकडं, एक तिकडं. मला म्हनायच्या, "बघ, तिचं काय म्हननं हाय का? तूच तेवढी कुरकुर करतीस." मी मैनेकडं पाह्यलं, मैनेनं माझ्याकडं पाह्यलं. त्या चार दिसात आमचं जेवढं जमलं तेवढं पुन्हा कधी जमलं न्हाई.

मैनेच्या वासावर गावातली कुत्री यायला लागली की आत्याबाईंचे उपाय चालू. चुलीची राख उधळायच्या, गोमूत्र शिंपडायच्या, आन् सोताची दातांना लावायची मिश्री मैनेच्या शेपटीखाली चोळायच्या. मैना दिसभर चाटायची आन् रात्री त्यांच्यासारखीच पिचकन थुकल्यागत करायची. फाटकाबाहेर बसल्याल्या कुत्र्यांची तर त्या एकेकाची सोयरीक तपासायच्या. "हे वरच्या आळीचं. दिसायला बरं हाय, पर कान किडल्याला." "ह्याचं घर चांगलं, पर हे सोता कामाचं न्हाई, चोर आला तवा झोपलं व्हतं." सगळ्यांना नकार. त्यात एका बागायतदाराचा दांडगा कुत्रा हटंना, तवा आत्याबाई उठल्या, त्याच्या घरी गेल्या आन् त्यांच्या वट्यावर जाऊन बसल्या. काय काम काढलं इचारलं तर म्हनल्या, "काम काय न्हाई. तुमचं कुत्रं माझ्या दारात बसलंय, म्हनून मी तुमच्या दारात बसलेय. ते उठलं की मी उठंन." चहा दिला, घेतला. जेवन दिलं, जेवल्या. दुपारच्याला मालकानं सोता येऊन कुत्रं साखळीनं ओढत नेलं, तवा ह्या उठल्या.

हे सगळं हसायचं झालं, पर मला हसू येत नव्हतं. त्या सालात उसात बिबटे लई झालते. शेजारच्या मळ्यातलं कुत्रं बांधल्या जागंवरनं नेलं व्हतं. आन् जिथं एवढी कुत्री गोळा व्हत्यात तिथं बिबट्या येनारच, हे मला कुनी सांगायची गरज नव्हती. माझी पोरगी त्याच अंगनात रांगत व्हती. आन् मागल्या खेपेला कुत्र्यांच्या झोंबाझोंबीत दुधाचे कॅन लवंडले, तवाच हे आत्याबाईंना म्हनले व्हते, "काकी, पुन्यांदा कुत्री अंगनात शिरली तर मैनेला पोत्यात घालून घाटापल्याड सोडून येईन." हे कमी बोलतात, पर बोलले की करतात. आत्याबाई एवढंच म्हनल्या, "मंग पोतं मोठं आन."

म्हनून मीच पोरीला डोस पाजायला मंचरला गेले तवा जनावरांच्या दवाखान्यात शिरले. डाक्टर हसले न्हाईत, नीट सांगितलं. म्हनले, तीन आठवडे तरी कोंडूनच ठिवा, बाहेर काढली तर दोरानं, सोताच्या हातात धरून. तिला निराळा कोपरा द्या, तिथं लेकराला जाऊ देऊ नका, तिच्या अंगावर वरडू नका, ती मुद्दाम करत न्हाई. आन् रक्त कमी झालं म्हंजी संपलं असं समजू नका, खरं तर तवाच लई जपायचं, तवाच ती सोता कुत्र्याकडं जाती. नंतर निवळली की ऑपरेशन करून देतो म्हनले. मी घरी येऊन सगळं जसंच्या तसं आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी मिश्रीचं बोट तोंडातनं काढलं आन् इचारलं, "त्या डाक्टरला म्हयन्याला किती दिस बसावं लागतं?"

मी म्हनले, "तो बाप्या हाय, त्याला कुठलं बसावं लागतंय."

"मंग त्याला काय कळतंय," म्हनल्या.

तर आता त्या दिवसाचं. मैनेचं लाल कमी झाल्यालं. आत्याबाईंच्या हिशेबी पाचवा दिस. त्यांनी पानी तापवलं, लंगोट सोडला, दोर सोडला, आन् लांब बसनं संपलं म्हनून फाटक बी उघडं टाकलं, आता कुत्र्यांना कळंलच की ही मोकळी झाली, जातील आपली घरी. जातील कुठली. सगळी आत. दोघांची जुंपली, तिसरं त्यांच्यात पडलं, आन् एक जन माझ्या पोरीवरनं उडी मारून पल्याड गेलं. मी पडवीच्या खांबाला धरून नुसती वरडतच ऱ्हायले. आत्याबाईंनी तवा न्हानं अर्ध्यावर सोडलं. एका हातानं पोरीला उचलून काखेत मारली, दुसऱ्या हातात तांब्या, आन् शेनाच्या घमेल्यावर तांब्या बडवत त्या कुत्र्यांवर चालून गेल्या. पोरगी हसत व्हती, तिला वाटलं जत्रा. कुत्री फाटकापोतर हटली. आन् तवा मैना, ओली, न्हाऊन सवरून, आत्याबाईंच्या पायामधनं निघाली आन् शेपूट बाजूला करून सोता त्या कुत्र्यांच्या म्होरं जाऊन उभी ऱ्हायली.

आत्याबाईंचा बडवनारा हात तिथंच थांबला. "अग मैने," म्हनल्या, "न्हालीस ना ग तू." एवढंच. मंग पोरीला माझ्याकडं दिली, मैनेच्या मानंला धरून ओढत गोठ्यात नेली, दाराला आडना लावला, आन् बाहेर येऊन दगडावर बसल्या. डाक्टरचं नाव मी काढलं न्हाई. त्यांनीच इचारलं, "तीन आठवडे म्हनला व्हता ना?" मी व्हय म्हनले. त्या तोंडातल्या तोंडात म्हनल्या, "लईच दिस की. बिचारीला."

हे आले तवा अंगनभर पाऊलं, घमेलं पालथं, पोरीचं घोंगडं फाटल्यालं. मी काय बी सांगायच्या आधी आत्याबाईच म्हनल्या, "फाटक म्या उघडं टाकलं. कुत्रं पोरीवरनं गेलं." हे तसेच आत गेले आन् हातात पोतं घिऊन बाहेर आले. आत्याबाईंनी त्या पोत्याकडं पाह्यलं, घरात गेल्या, आपली दोन लुगडी पिशवीत घातली, गोठ्यातनं मैनेला दोर लावून बाहेर काढली आन् म्हनल्या, "माझ्या माहेरची हाय. मीच पोचवते. सकाळपोतर आण्याला जाऊ."

"काकी, आता कुठली गाडी," हे म्हनले.

"चालत जाऊ. तिला चार पाय हायती, मला दोन. मधी कुठं तरी गाडी घावंल."

आन् निघाल्या. दोन-चार कासरे, हाक जाईल एवढ्या लांब, गेल्या असतील, माझ्या काय डोक्यात आलं कुनास ठाऊक, मी पोरीला काखेत मारलं आन् अनवानीच पळाले. पाटाच्या कडंची वाट, दोन्ही अंगाला डोक्यावर ऊस, दिस बुडाय टेकल्याला. म्होरं आत्याबाई, त्यांच्या हातात दोर, दोराला मैना, आन् मैनेच्या मागं ओळीनं गावातली समदी कुत्री, भांडन न्हाई, भुकनं न्हाई, शिस्तीत, नवरीला पोचवाय निघाल्यागत. मी त्या कुत्र्यांच्या मधनंच गेले. एरवी मी एका कुत्र्याला पाहून वाट बदलते.

"आत्याबाई, माघारी चला."

"तू कशाला आलीस पोरीला घिऊन? जा घरी. तुला भ्या वाटतंय ना मैनेचं? मंग मिटलं की."

"वाटतंयच की भ्या," मी म्हनले. "तिचं वाटतंय, तुमचं बी वाटतंय. आन् तुमी दोघी गेल्यावर दिसभर त्या मळ्यात मी एकटी बसनार, त्याचं त्याहून जास्त वाटतंय."

त्या म्होरंच चालल्या. मी दोर धरला. एक टोक त्यांच्या मुठीत, मधी माझी मूठ, दुसऱ्या टोकाला मैना. तवा त्यांचा हात मला जवळनं दिसला, कातडं नुसतं लोंबत्यालं, दुपारी ह्याच हातानं त्यांनी माझ्या पोरीला उचललं व्हतं. मागं फाटकात हे उभे व्हते, हातात पोतं, म्होरं येईनात आन् आत जाईनात. वारं नसताना ऊस एकाच जागी जरा सळसळला आन् मैनेच्या पाठीवरचं केस उभं ऱ्हायलं. आत्याबाई हळूच म्हनल्या, "सोड ग, पोरगी पेंगलीय तुझी."

म्या सोडला न्हाई. मागं घर व्हतं, दाराला कडी व्हती, घरात जाऊन ती लावून घेतली असती तर मला कुनी बोल लावला नसता. तुमच्या काखेत लेकरू असतं, आन् सांज अशी अंगावर आल्याली असती, तर तुमी काय केलं असतं?