रुमाल टाकून धरलेली जागा

कौन्सिलच्या माणसाने विजेच्या खांबाला पार्किंगबंदीचा पिवळा कागद बांधला, तेव्हा अख्ख्या गल्लीत आनंद झालेला मी एकटाच असेन. मला बंदी फार आवडते. एरवी आमच्याकडे माणसं दाराबाहेर येतात ती कचऱ्याचे डबे ठेवायला, आणि तेही शेजारी आत गेल्याची खात्री करून. पण पिवळा कागद लागला की सगळे खांबापाशी जमतात, मान वर करून वाचतात, कौन्सिलला नावं ठेवतात, आणि मला एका दमात पाच जणांशी बोलायला मिळतं. तो कागद मी तीनदा वाचायला गेलो. चौथ्यांदा गेलो तेव्हा तिथे कुणीच नव्हतं, म्हणून परत आलो.

कागदात असं लिहिलं होतं की शनिवार-रविवार बर्फ पडणार आहे, मीठ टाकणाऱ्या लॉरीला वर चढता आलं पाहिजे, तेव्हा शुक्रवार संध्याकाळपासून गल्लीच्या डाव्या बाजूला गाडी उभी करायची नाही. केलीत तर उचलून नेऊ. इंग्लंडातल्या रीडिंग गावातली आमची गल्ली म्हणजे टेकडीला टेकवून ठेवलेली शिडी. घरं जुनी, एकमेकांना चिकटलेली, गॅरेज कुणालाच नाही. दोन्ही बाजूंच्या गाड्या आता एका बाजूला मावायच्या होत्या.

आणि नेमक्या त्याच शनिवारी माझी मुलगी येणार होती.

ती क्रॉयडनला असते. जन्म इथलाच, मराठी बोलते, पण मराठीतल्या निम्म्या वस्तूंचं लिंग तिने आपल्या मर्जीने ठरवलंय. उन्हाळ्यात ती मला भेटायला आली होती. म्हणजे गल्लीपर्यंत आली होती. तीन फेऱ्या मारल्या आणि चौथ्या फेरीऐवजी तिचा फोन आला, ‘बाबा, पार्किंग नाहीये. मी परत चाललेय.’ मी खिडकीतून तिची गाडी वळताना पाहिली, हातही केला. खाली सुपरमार्केटसमोर त्या दिवशी हव्या तेवढ्या जागा रिकाम्या होत्या. ते तिलाही ठाऊक होतं.

खरं कारण त्याआधीच्या भेटीतलं. बायकोला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मुलगी म्हणाली, ‘बाबा, आज आईचं कपाट उघडू या.’ मी म्हणालो, ‘असं कसं? उद्घाटनाला पाहुणे बोलवायला हवेत. फीत लागेल, कात्री लागेल.’ ती हसली नाही. ‘तू घरीपण माईकवरच असतोस,’ एवढं म्हणाली आणि कोट घालून निघून गेली.

माईकचं सांगायला हवं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीपासून दिवाळीपर्यंत प्रत्येक कार्यक्रमाचा निवेदक मी. गाणाऱ्याचा गळा बसला तर मी, तबलजी ट्रॅफिकमध्ये अडकला तर मी, जेवण यायला उशीर झाला तर पाऊण तास मी. लोक पोट धरून हसतात. बायको तिसऱ्या रांगेत बसायची आणि शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकायची. माझ्यासाठी. कुणी विचारलं तर सांगायची, ‘इथे आहेत, येतायत.’ मी कधीच जायचो नाही. माईक सोडवतो कोणाला? रुमालाच्या या बाजूला बायको, त्या बाजूला मुलगी, आणि मधे ती रिकामी खुर्ची. अशा किती संध्याकाळी गेल्या असतील, देव जाणे.

तर या वेळी तिने स्वतःहून कळवलं होतं. ‘शनिवारी बाराला येते. कपाट करू. पण पार्किंग असेल तरच हं, बाबा.’

मी कामाला लागलो. माझी स्वतःची गाडी नशिबाने उजव्या बाजूला, अगदी दारासमोर होती. ती काढून मी सुपरमार्केटच्या पलीकडे लांब ठेवून आलो आणि मोकळ्या झालेल्या जागेत बागेतली घडीची खुर्ची मांडली. कौन्सिलकडून दर वर्षी पाहुण्यांच्या परमिटचं पुस्तक येतं, ते ड्रॉवरमध्ये कोरं पडलेलं असतं. त्यातलं एक पान फाडून, तारीख लिहून, दाराजवळ तयार ठेवलं. शनिवारी सकाळी उठलो तर बर्फ घोट्यापर्यंत. फावडं घेऊन ती जागा अशी लख्ख साफ केली की पाट मांडून पंगत बसवावी. मग वाटलं, नुसती खुर्ची बरी दिसत नाही, रुमाल हवा. आमच्याकडे कागदी टिश्यू. कापडी रुमाल फक्त त्या कपाटात. मी दार चार बोटं उघडलं, डोळे दुसरीकडे ठेवून हात आत घातला, हाताला लागला तो रुमाल ओढला आणि दार लावलं. पांढरा, कडेला निळी रेघ. खुर्चीवर चारी कोपरे सरळ करून पसरला. झाली जागा रिझर्व्ह!

आत जाऊन मटारच्या उसळीला फोडणी दिली आणि दहा मिनिटांत बाहेर आलो, तर खुर्ची गायब. रुमालही.

मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून ‘चोर!’ असं शुद्ध मराठीत ओरडलो. समोरचं दार उघडलं. तिथे एक म्हातारे गृहस्थ राहतात. पूर्वी बस चालवायचे. बायको गेल्यापासून एकटेच.

‘काय झालं?’ ते म्हणाले.

‘माझी खुर्ची!’

‘ती होय? मी आत घेतली. टाकायला ठेवली होती ना? वर पुसायचं फडकंपण होतं.’

मी कपाळावर हात मारला. इथे नको असलेलं सामान लोक रस्त्यावर मांडून ठेवतात, ज्याला हवं तो नेतो, हे मी तीस वर्षं बघतोय. तरी मला वाटलं की रुमाल बघितल्यावर कुठलाही माणूस दोन पावलं मागे सरकेल.

‘ते फडकं नाही. त्याचा अर्थ जागा घेतलेली आहे.’

‘कुणी?’

‘रुमालवाल्याने.’

त्यांनी रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘फडकं मी धुवायला टाकलं,’ ते म्हणाले. ‘ओलं झालं होतं.’ आणि खुर्ची आणून न देता दार लावून घेतलं. खुर्ची त्यांना आवडली असावी.

मग मीच जागेत उभा राहिलो. टोपी, मफलर, हातात फावडं. देवडीवरचा पहारेकरीच. लॉरी वर गेली, तिने माझ्या बुटांवर मीठ उडवलं, मी तिला मुजरा केला. ड्रायव्हरने हॉर्न दिला. इतकं छान वाटलं! मग बराच वेळ कुणीच आलं नाही.

बाराच्या सुमारास शेजारची नर्स आली. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांच्या जखमा बांधते. तिची लाल गाडी सावकाश चढत आली. तिने काच खाली केली.

‘तुम्ही बाहेर निघताय का?’

‘नाही, मी आत आहे. ही जागा माझ्या मुलीची.’

‘बरं,’ ती म्हणाली आणि पुढे गेली. वळून परत आली. वर गेली, पुन्हा आली. मी प्रत्येक वेळी फावडं वर करून हसलो. तिसऱ्या वेळी तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. चेहरा दमलेला होता. मला उन्हाळ्यातल्या तीन फेऱ्या आठवल्या आणि माझं हसू तसंच गालावर गोठून राहिलं.

खिशात फोन वाजला.

‘बाबा, पार्किंग आहे?’

‘आहे!’

‘नक्की? मागच्या वेळी जागा नव्हता.’

‘नक्की. मी त्यातच उभा आहे.’

‘तू बर्फात उभायस? सीरियसली?’

‘सकाळपासून.’

‘बाबा... मी निघालेच नाहीये. इकडे पण खूप बर्फ आहे. गाडी हलतच नाही. मी तुला आधी फोन करायला हवा होता. सॉरी.’

माझ्या जिभेवर एक वाक्य तयार होतं. फार चांगलं होतं, हशा नक्की. मी तोंड उघडलं, आणि गल्ली बघितली. डावी बाजू पूर्ण रिकामी, पांढरी. उजवीकडे गाड्यांची उशा-गाद्यांसारखी रांग, आणि तिच्यात मी साफ केलेला एक काळा चौकोन.

‘मला ते कपाट एकट्याने उघडता येत नाही,’ मी म्हणालो. ‘आज रुमाल काढायला चार बोटं उघडलं. तिचा वास आला. मी लावून टाकलं.’

फोन कटला की काय म्हणून मी पाहिलं. कटला नव्हता.

‘हे तू मला कधी सांगितलं नाहीस,’ ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

‘नाही सांगितलं.’

‘पुढच्या शनिवारी येते. ट्रेनने. घरी जा आता. जेव.’

नर्स कोपऱ्यावर गाडी थांबवून नुसतीच बसली होती. मी तिला हात केला, जागेतून बाजूला झालो आणि तिला गाडी मागे घेऊ दिली. ‘येऊ द्या, येऊ द्या, अजून, बास!’ डिकीवर दोनदा थाप मारली. तिला अक्षरही कळलं नसेल, पण गाडी एका फेरीत बसली. उतरल्यावर तिने विचारलं, ‘तुमची मुलगी?’ मी म्हणालो, ‘पुढच्या शनिवारी.’ तिने माझ्या बाहीवर क्षणभर हात ठेवला आणि पिशवी घेऊन आत गेली.

घरात उसळ झाली होती. दोन ताटं मांडलेली होती. एक मी उचलून ठेवलं.

सोमवारी समोरच्या म्हाताऱ्यांनी दारावर टकटक केली. रुमाल धुतलेला, इस्त्री केलेला, चौकोनी घडी. ‘बायकोच्या रुमालांना मीच इस्त्री करायचो,’ ते म्हणाले. मी त्यांना चहाला आत बोलावलं. खुर्चीचा विषय दोघांनीही काढला नाही.

पुढच्या शनिवारी बर्फ वितळला होता, पिवळा कागद गेला होता आणि गल्लीत जागाच जागा होती. मी स्टेशनवर तासभर आधी पोचलो. फलाटावरच्या बाकावर बसलो आणि शेजारी रुमाल पसरला. एका बाईंनी विचारलं, ‘इथे कुणी आहे का?’ मी म्हणालो, ‘आहे, येतेय.’ त्यांनी रुमालाकडे पाहिलं, हसल्या आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या.

मुलगी रेडहिलला गाडी बदलून आली. लांबूनच तिला निळी रेघ दिसली असावी, कारण पावलं मंदावली. जवळ येऊन तिने रुमाल उचलला, खिशात घातला आणि त्या जागेवर बसली. आमच्यासमोरून दोन गाड्या गेल्या. तिने माझ्या दंडाला डोकं टेकलं होतं. मी काही बोललो नाही.