धोंडूची दाढी आणि ग्रुपच्या सूचना

गंगाधर धोंडू तोरसकर हा कलावंत आहे ही गोष्ट लालबागमध्ये एकट्या गंगाधरलाच ठाऊक होती. बाकीच्यांच्या लेखी तो हिंदमाताजवळच्या फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसणारा माणूस. साड्यांचा महासेल, कुणा भाऊंचा वाढदिवस आणि भावपूर्ण श्रद्धांजली, एवढ्यावर त्याची वीस वर्षं गेली होती. भाऊंचे फोटो गोरे करून करून त्याच्या बोटांना अशी सवय लागली होती की, कुणाचाही चेहरा पडद्यावर आला की हात आपोआप उजेड वाढवायच्या बटणाकडे जायचा.

संध्याकाळी घरी आला की मात्र तो टॅब्लेट मांडीवर घ्यायचा, त्याचा पेन काढायचा आणि मनातलं चित्र काढायचा. ते काढून झालं की ग्रुपवर टाकायचा. ग्रुपचं नाव 'कलारंग डिजिटल परिवार'. परिवारच तो! भांडणं, रुसवेफुगवे, एकमेकांच्या मागे कुजबुज, सगळं रीतसर होतं.

ग्रुपची ॲडमिन सुनेत्रा. ती दादरची, शिवाजी पार्काच्या बाजूची, जाहिरात कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. तिने नियम केला होता की कुणीही कुणाच्या चित्राला नुसतं 'लय भारी' म्हणायचं नाही. आधी कौतुक करायचं, मग सूचना द्यायची आणि वर पुन्हा कौतुक. "याला सँडविच पद्धत म्हणतात," असं तिने शुद्ध मराठीत समजावून सांगितलं. परळ-लालबागच्या मंडळींना वडापाव माहीत होता, ज्यात तिखट थेट जिभेवर येतं. पण नियम म्हणजे नियम. तेव्हापासून सगळे जण 'दादा, अप्रतिम! फक्त' असं लिहू लागले. त्या 'फक्त'च्या पुढे जे यायचं, त्याने चित्र काढणाऱ्याची दोन दिवस भूक मरायची.

दर रविवारी सुनेत्रा एक चित्र निवडून ग्रुपच्या माथ्यावर लावायची. आठवड्याचं चित्र! गंगाधरचं एकदाही लागलं नव्हतं. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या रघुचं दोनदा लागलं होतं. ते आठवलं की गंगाधरला आतून जळजळायचं, आणि तो रघुला अंगठ्याची खूण पाठवून 'जबरदस्त रे भावा' असं कळवायचा.

आता धोंडूबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

धोंडू म्हणजे गंगाधरचा बाप. कोकणातून आला, गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, लागला, आणि ब्याऐंशी साली संप झाला तेव्हा चाळीच्या गॅलरीत उभा राहून म्हणाला, "संप मिटेपर्यंत गालाला वस्तरा लावणार नाय." तेव्हा असल्या शपथा बऱ्याच जणांनी घेतल्या होत्या. हळूहळू एकेकाची दाढी उतरली. कुणाच्या मेव्हणीचं लग्न निघालं, कुणाला खाज सुटली, कुणाला गुळगुळीत गालाच्या अटीवर वॉचमनची नोकरी मिळाली. ती नोकरी धोंडूलाही मिळत होती. त्याने लाथाडली आणि हिंदमाताला कापडाचे गठ्ठे वाहायला लागला. हमालाच्या दाढीकडे कोण बघतं! रखमा, त्याची बायको, भडकली, रडली, घरात बोलणं टाकलं. धोंडूचं एकच म्हणणं: "संप मिटला म्हणून कोणी सांगितलं? माका तर नाय सांगितलं."

आणि खरंच, तो संप कुणी मागे घेतलाच नाही. गिरण्या गेल्या, भोंगे गेले, जमिनी गेल्या, पण 'बाबांनो, संपलं' असं म्हणायला कुणी आलं नाही. धोंडूची दाढी पोटापर्यंत आली आणि तसाच तो गेला. स्मशानात नेण्याआधी कुणीतरी शहाणपणाने न्हाव्याला बोलावून आणलं होतं. दाढीसाठी नवऱ्याशी आयुष्यभर भांडलेल्या रखमाने त्या न्हाव्याला शिव्या घालून जिन्याखाली पिटाळलं.

धोंडूचा फोटो म्हणाल तर एकच, लग्नातला. त्यातही मुंडावळ्यांच्या आड अर्धा चेहरा, आणि उरलेला अर्धा फोटोग्राफरला घाबरलेला.

आता चाळ पाडून टॉवर झाला होता, आणि टॉवरच्या तळमजल्यावर चाळीच्या मंडळाला एक हॉल मिळाला होता. मंडळाने ठरवलं की चाळीतल्या संपकऱ्यांचे फोटो हॉलमध्ये ओळीने लावायचे. घरोघर निरोप गेला. त्या दिवशी भाजी निवडता निवडता रखमा म्हणाली, "गंगाधरा, सगळ्यांचे लागतले, आणि ह्येंचोच नाय? तू एवढी चित्रां काढतस. बापाशीचा काढ मरे." इतक्या वर्षांत तिने मुलाकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. त्या ओळीत नवरा दिसला नाही, तर तो होता हे तरी उद्या कोण म्हणणार, ही तिची भीती होती.

गंगाधर कामाला लागला. त्याने आठवणीतून चित्र काढलं: काळासावळा, वाकडं नाक, रागावल्यासारखी भुवई आणि छातीवर रुळणारी दाढी. काढताना त्याचे डोळे दोनदा भरून आले. चित्र खरोखर चांगलं झालं होतं. शहाणा माणूस काय करतो? तीन फुटांवर बसलेल्या आईला दाखवतो. गंगाधरने ते ग्रुपवर टाकलं.

झालं! परिवार तुटून पडला.

"दादा, अप्रतिम! फक्त काका थोडे डार्क वाटतायत," एकाने लिहिलं. गंगाधरने बापाला उजळवला.

"सुरेख! फक्त डोळ्यात लाइट नाय," असं गिरगावच्या तात्यांनी कळवलं. तात्या आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आता उतारवयात डिजिटल झाले होते, आणि कुठल्याही चित्रात त्यांना लाइट कमीच दिसायचा. गंगाधरने लाइट टाकला. आता धोंडूच्या डोळ्यांत ट्यूबलाइट लागल्यासारखं दिसू लागलं.

मग रघु आला. रघुकडे एक कोट होता. राखाडी रंगाचा, लाल टायसकट, कॉम्प्युटरवर कापून तयार ठेवलेला. श्रद्धांजलीच्या बॅनरसाठी तो कुणाच्याही मानेखाली चिकटवायचा. गेली कित्येक वर्षं वरळीपासून लालबागपर्यंत जो कुणी गेला, तो त्याच कोटात गेला. बायका नाक्यावर थांबून फक्त मुंडकं बघायच्या. "भावा, काळजाला भिडलं. फक्त कपडे गरिबाचे वाटतायत. कोट पाठवतो," रघुने लिहिलं. गंगाधर म्हणजे जन्मभर त्या कोटाला हसलेला माणूस. त्याने तो बापाला चढवला.

शेवटी खुद्द सुनेत्राने लिहिलं. "गंगाधर, फार प्रामाणिक काम आहे. फक्त या दाढीमुळे व्यक्तिमत्त्व थोडं हिंसक वाटतंय. स्वच्छ चेहरा करून बघ ना, हलकंसं स्मित दे. मग हे आठवड्याचं चित्र होऊ शकेल. खूप क्षमता आहे तुझ्यात."

वास्तविक इथे गंगाधरने मोबाइल बंद करून जेवायला बसायला हवं होतं. त्याला शपथ माहीत होती, वॉचमनची नोकरी माहीत होती, न्हाव्याला घातलेल्या शिव्या त्याने स्वतःच्या कानांनी ऐकल्या होत्या. पण 'आठवड्याचं चित्र'! माणसाच्या अकलेला गंज चढायला असे दोन शब्द पुरतात. त्याने मनाची समजूत घातली की दाढी पुसायची थोडीच आहे, ती वेगळ्या थरावर काढलीय, तो थर नुसता लपवायचाय. पडद्यावर एका बारक्या डोळ्याच्या खुणेवर त्याने बोट टेकवलं. सबंध गिरणगावाला जे जमलं नव्हतं ते झालं. धोंडू तुळतुळीत झाला, वर हसायला लागला.

ग्रुपवर टाळ्या, फुलं, हात जोडलेले. फक्त वरळी कोळीवाड्याच्या गुणवंतीने, जी सकाळी मासे विकून दुपारी चित्रं काढायची, सँडविच वगैरे न करता विचारलं, "तुझ्या आयशीला दाखवलंस का रं?" तिच्या प्रश्नाला चौघांनी अंगठा दिला आणि कुणीच उत्तर दिलं नाही. रविवारी चित्र माथ्यावर लागलं. मंडळाच्या माणसाने ते छापून, फ्रेम करून हॉलमध्ये नेलं. आईने दोनदा विचारलं, तर हा म्हणाला, "तिथेच बघ ना, सरप्राइज हाय."

हॉलच्या उद्घाटनाला भाषणं झाली. गिरणीत कधी पाऊल न टाकलेले लोक घामाबद्दल बोलले. नंतर घरोघरच्या बायकांनी आपापल्या माणसाला हार घालायचा होता. रखमा नवी साडी नेसून आली होती. हातात शेवंतीचा हार. ती ओळीच्या सुरुवातीपासून निघाली, एकेक फोटो बघत, मान हलवत, कुणाला "अगो बाई, ह्ये पण!" म्हणत. गंगाधरच्या चित्रासमोरून ती तशीच पुढे गेली. ओळ संपली. ती परत फिरली आणि पुन्हा सगळे बघत आली. शेजारपाजारच्यांचे हार घालून झाले होते, आणि तिचा हातातच.

"गंगाधरा, आमचे खय आसत?"

गंगाधरने बोट दाखवलं. रखमाने वर पाहिलं.

"ह्यो? ह्यो कोणाचो घोव?"

मागे दोन-चार जण हसले. रखमा हसली नाही. ती फ्रेमच्या अगदी जवळ गेली. कोट बघितला, टाय बघितला. मग वाकड्या नाकापाशी तिची नजर थांबली. तेवढं एक नाक सरळ करायला ग्रुप विसरला होता. तिने हात वर करून काचेवर गालाच्या जागी बोटं टेकवली.

"दाढी खय गेली?" तिने विचारलं. "संप मिटलो काय रे? माका कोणी सांगूक नाय."

तिने हार पदरात गुंडाळला आणि ती घरी निघून गेली. हॉलमध्ये जुने साचेवाले खाली बघत उभे राहिले. गंगाधरला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. वस्तरा त्यानेच चालवला होता, आणि तोही बापाला प्रतिकार करता येणार नाही अशा वेळी. त्याने खिळ्यावरून फ्रेम काढली, काखोटीला मारली आणि आईच्या मागोमाग गेला.

घरी रखमा खिडकीशी बसली होती. गंगाधरने तिच्यासमोर टॅब्लेट धरला आणि म्हणाला, "आये, चुकलं माझं. तू सांग, मी करतो."

रखमाने आधी कौतुक करून मग सूचना देण्याच्या भानगडीत वेळ घालवला नाही.

"कोट काढ. ह्येंनी जल्मात कोट घालूक नाय."

कोट गेला.

"गोरो कित्याक केलस? पाहुणे बघूक येतले? काळो कर. अजून काळो."

धोंडू पुन्हा धोंडू व्हायला लागला.

"हसतत कित्याक? हसण्यासारख्या काय झाला?"

स्मित पुसलं. डोळ्यांतला तात्यांचा लाइट घालवला. मग गंगाधरने त्या बारक्या खुणेवर बोट ठेवलं आणि दाढी परत आली. त्याला वाटलं, झालं. रखमाने मान हलवली.

"एवढीशी? ही पयल्या वर्षाची. वाढव."

त्याने वाढवली. "अजून," ती म्हणाली. तो पेन ओढत राहिला आणि ती सांगत राहिली, इथे पांढरे केस, इथे विरळ, इथे हात फिरवून फिरवून वळलेली. "बस," ती म्हणाली. "आता हेच ते." आणि पदर तोंडाला लावून ती रडली, न्हाव्याला पिटाळलं त्या दिवशी रडली नव्हती तेवढी. गंगाधर तिच्या पाठीवर हात ठेवून बसला. त्यालाही बाप आत्ताच गेल्यासारखं वाटत होतं.

नवी प्रिंट हॉलमध्ये लागली. रखमाने हार घातला. दाढी इतकी मोठी की हार तिच्यावरच विसावला.

सवयीने म्हणा, खोडीने म्हणा, गंगाधरने ते चित्र ग्रुपवरही टाकलं. पाच मिनिटांत परिवार जागा झाला. तात्यांना लाइट कमी वाटला. रघुने कोट परत मागितला. गुणवंतीने नुसते हात जोडले. सुनेत्राने लिहिलं, "गंगाधर, धाडसी प्रयोग आहे, अभिनंदन. फक्त दाढी फारच जास्त झालीय, थोडी तरी कमी करशील का? आधीचं जास्त आश्वासक होतं. पण मेहनत दिसते."

गंगाधरने हा निरोप आईला मोठ्याने वाचून दाखवला. रखमा तांदूळ निवडत होती. ती नुसतं "हं" म्हणाली.

मग त्याने कौतुक, आभार, जोडलेले हात, सगळं वगळून उत्तर लिहिलं, "सूचना मिळाली, मॅडम. संप मिटला की बघू."